परसातली राखण

आमच्या घरामागं परस आहे. फार मोठं नाही. एक पेरू, एक शेवगा, धुण्याचा दगड, न्हाणीचं पाणी जातं तिथं थोडं अळू आणि भिंतीला टेकवलेलं सरपण. एवढ्याशा जागेत मी गेला हिवाळाभर पाखरांना दाणे टाकले. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, पाखरांची लई हौस दिसतीय?" मी हसून मान डोलवायची. आता इथं लिहायलाच बसले आहे तर खरं सांगते. मला पाखरांची कसलीही हौस नव्हती. वाळवणाला बसून आयुष्यभर त्यांना हाकलायचंच काम केलं. साळुंक्या तर अजिबात आवडत नव्हत्या, भांडखोर मेल्या. मी दाणे टाकले ते आमच्या ह्यांच्यासाठी. आणि त्यातही माझं सगळं उलटंच झालं, ते पुढं येईलच.

ज्वारीची पेरणी उरकली त्याच दिवशी ह्यांना झटका आला. दुपारी शेतातून आले, पाय धुवायला तांब्या घेतला आणि तो हातातून सुटला. मी आतून ओरडले, "अहो, काय पाडलं?" उत्तर नाही. मी चिडले. पेरणीचा शीण असला म्हणून काय झालं, माणसानं हो-नाही तरी म्हणावं. तशीच बाहेर आले तर हे भिंतीला टेकून खाली बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि माझ्याकडं बघून काहीतरी सांगायला बघताहेत. दिरांनी गाडी काढली, पारनेरहून थेट नगरला नेलं. जीव वाचला. पुढं उजवा पाय ओढत का होईना चालायला लागले. उजवा हात मात्र लुळाच राहिला, आणि बोलणं गेलं.

समजायचं सगळं. आमटीत मीठ कमी पडलं तर भुवई वर जायची. टीव्हीवर बाजारभाव लागले की कान टवकारायचे. पण तोंडातून शब्द म्हणून एक निघेना. नुसतं 'अं… अं…' आणि मग डोळ्यांत पाणी. अख्ख्या शिवारात ज्याच्या आवाजाची ओळख, त्या माणसाची ही गत. मला ते बघवायचं नाही.

ह्यांचा आवाज म्हणजे काय होता, ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात पाऊस कमी, विहिरीला पाणी कमी, पण रब्बीची ज्वारी चांगली येते. कणसात दूध भरलं की पाखरांच्या धाडी पडतात. मग राखण लागते. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून वर माळा बांधायचा, दिवस उगवायच्या आत त्याच्यावर चढायचं, गोफण फिरवायची आणि आरोळी द्यायची. ही राखण ह्यांनी पोरवयापासून केली. आता सगळे शेतात चमकीच्या फिती बांधतात, कुणी मोबाईलला भोंगा जोडून कुत्री भुंकल्याचा आवाज लावून ठेवतं. हे मात्र गेल्या वर्षीपर्यंत माळ्यावर चढत होते. दीर चेष्टा करायचे, "दादा कोकलला की रोडवरचा एसटी ड्रायव्हर ब्रेक मारतो."

आमचं लग्न मार्गशीर्षात झालं, ज्वारी ऐन भरात असताना. पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच नवरदेव गोफण घेऊन शेतात! घरात लग्न आहे म्हणून पाखरं थांबतात होय? सासूबाईंनी माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाल्या, "जा, त्याला न्ह्यारी देऊन ये." मला ना वाट माहीत, ना शेत. मी विचारलं, "कसं ओळखू?" तर म्हणाल्या, "आवाज यील. त्या अंगानं जा." नव्या साडीत बांधाबांधानं ठेचकाळत निघाले. मनातून सगळ्यांवर चिडले होते. तेवढ्यात आवाज आला. हाऽऽऽ हुर्रर्र! असा खणखणीत, असा लांबलचक, की मी होते तिथं उभी राहिले. कुठल्या तरी ज्वारीतून पाखरांचा मोठा थवा उठला आणि माझ्या डोक्यावरून गेला. तोवर मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, तोंडसुद्धा धड बघितलं नव्हतं. आवाज आधी ओळखीचा झाला, माणूस मागून. आणि खरं सांगायला आता कसली लाज, मला तो आवाज आवडला होता.

घरात मात्र त्या आवाजानं नुसता वैताग असायचा. "आगं!" अशी हाक मारली की शेजारच्या दोन बायका "ओ" द्यायच्या. आगं, चहा. आगं, माझी टोपी. आगं, इकडं ये, हे बघ. मी म्हणायची, "मला नाव आहे की नाही? सारखं काय आगं आगं!" यावर हे हसून परत "आगं" म्हणायचे. झटका आल्यापासून मला तेवढंच ऐकायचं होतं. बाकी काही नको. दहा गोष्टी नाही बोलले तरी चालतील, हात नाही आला तरी मी आहे भरवायला, पण एकदा "आगं" म्हणावं. आंघोळ घालताना, दाढी करताना मी त्यांच्या ओठांकडं बघत राहायची.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पिशवीतून चित्रं काढायच्या. हा आंबा, ही गाय, हा चेंडू. हे भिंतीकडं तोंड फिरवायचे. ज्या माणसानं आयुष्यभर गाई राखल्या त्याला तुम्ही गाईचं चित्र दाखवून "ही कोण?" विचारता, राग नाही येणार तर काय? पण मी तरी कुठं शहाणी! जन्मभर अंगणवाडीत पोरांना बोलतं केलं, म्हटलं आपल्याला जमेल. "म्हणा, आ." हे माझ्याकडं बघायचे, ओठ हलवायचे, कपाळावर घाम यायचा आणि डोळे भरायचे. मग मी सोडून दिलं. बाई जाताना म्हणायच्या, "तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा." तेवढं मात्र मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दिवाळीनंतर थंडी पडली तशी मी ह्यांना सकाळी परसात उन्हाला बसवायला लागले. पाठीशी उशी, पायावर घोंगडी, पुढ्यात स्टुलावर दूध-भाकरीचं ताट. डाव्या हातानं खायची सवय नाही, निम्मा काला ताटात आणि निम्मा जमिनीवर. तो टिपायला चिमण्या आल्या. त्यांच्या मागून साळुंक्या, मग पेरूवरचे बुलबुल. हे जेवायचं थांबवून त्यांच्याकडं टक लावून बघत राहायचे. मान इकडून तिकडं, डोळे बारीक. दवाखान्यातून घरी आल्यापासून कशाकडं एवढं लक्ष देऊन बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात लेक आली, श्रीरामपूरला दिली आहे, ती. एसटीनं येते, दोन दिवस राहते, मला डोकं वर करायला सवड देते. तिनं हे बघितलं आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं. "आई, बघितलंस? आबांना पाखरं आवडतात."

"आवडणारच की," मी म्हटलं. "जन्म पाखरांतच गेला त्यांचा."

झालं! आम्ही दोघी मायलेकी शहाण्या, लगेच मनसुबा रचला. लेकीनं मातीचं पसरट परळ आणलं, त्यात पाणी ठेवलं. मी कणगीतली गेल्या सालची ज्वारी काढली, घरची, पांढरीशुभ्र, टपोरी. ह्यांच्या डोळ्यांसमोर पसाभर दाणे फेकले. चिमण्या अशा तुटून पडल्या की बघत राहावं. चार दिवसांत होले यायला लागले, पारव्यासारखे पण लहान. सातभाई आले, सगळे एकदम बोलणारे, आमच्या भावकीची बैठक बसल्यागत. एकदा दोन राघूही येऊन पेरू कुरतडून गेले. लेक श्रीरामपूरला परत गेली तरी रोज फोन करून आधी पाखरांची चौकशी करायची, मग आबांची.

आणि हे? पाखरं उतरली की ह्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. चेहरा लाल व्हायचा. 'अं! अं!' असा आवाज मोठ्यानं यायचा. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर फाड फाड आपटायचे. मी तर हरखून गेले. लेकीला फोनवर सांगितलं, "अगं, टाळ्या वाजवतात! एका हातानं का होईना, पण वाजवतात!" ती तिकडं रडायला लागली, मी इकडं. आणि हात आपटला की खूश होऊन मी आणखी एक पसा दाणे टाकायची. हे आणखी जोरात आपटायचे. मी आणखी टाकायची. दोन-तीन आठवडे आमचा हा आनंदसोहळा चालला होता. शेजारीण कुंपणावरून बघून म्हणाली, "भाऊजींना किती समाधान वाटतंय बघा." मी म्हटलं, "तर काय!"

कर्म माझं! ज्या माणसानं जन्मभर पाखरं हाकलली, त्याला खुर्चीत जखडून त्याच्याच ज्वारीवर मी रोज पाखरांची पंगत बसवत होते. आणि ते माझ्या डोक्यात आलं नाही. लेकीच्याही नाही. शेजारणीच्याही नाही.

पौषात दीर घरी आले ते कवळीभर कणसं घेऊन. ह्यांनीच पेरलेली ज्वारी, झटका आला त्या दिवशीची. नुकती हुरड्यात आली होती. दिरांनी एक कणीस ह्यांच्या मांडीवर ठेवलं. "दादा, बघ, कसं भरलंय." ह्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाणा दाबून बघितला, दूध आलं, आणि कितीतरी वेळ ते कणीस हातातच धरून बसले. मला हुंदका आला म्हणून मी चहाच्या निमित्तानं आत गेले.

माझ्या माहेरी एक रीत होती. नवी कणसं घरात आली की एक जुडी वळचणीला टांगायची, चिमण्यांसाठी. सासरी असलं काही नव्हतं, आणि का नव्हतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, ह्यांना पाखरांचा एवढा लळा लागलाय, तर करू या हौस. दुसऱ्या दिवशी सकाळी हे उन्हाला बसल्यावर चांगली पाच-सात कणसं सुतळीनं बांधली आणि पेरूच्या फांदीला टांगली, बरोबर ह्यांच्या नजरेसमोर. म्हटलं, "बघा हं आता गंमत." आणि भाकरी थापायला आत आले.

पहिली भाकरी तव्यावर टाकली असेल. परसातून चिमण्यांचा गलका ऐकू आला. मी मनात म्हटलं, आल्या. आणि मग आरोळी आली.

हाऽऽऽ हुर्रर्र!

माझ्या हातातलं पीठ हातात राहिलं. क्षणभर मला कळेना आपण कुठं आहोत. नव्या साडीत बांधावर उभी असल्यासारखी मी चुलीपुढं उभी. तोच आवाज. थोडा फाटलेला, थोडा कापरा, पण तोच. मी धावले. दाराच्या उंबऱ्याला अंगठा ठेचला, त्याची शुद्ध नाही. परसात एक पाखरू नव्हतं. कणसं हेलकावे खात होती. आणि हे खुर्चीतून निम्मे उठलेले, डावा हात डोक्यावर गरगर फिरवताहेत, गोफण असल्यागत. डोळे नुसते पेटलेले.

"अहो! काय म्हणालात? परत म्हणा!"

माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. 'अं… अं…'

"अहो, आत्ता म्हणालात ना? हुर्र म्हणालात! म्हणा की!"

काही येईना. हात खाली आला. मी त्यांच्या पायाशी बसले, पिठाचे हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "अहो, इतके दिवस तुम्ही खूश होऊन टाळ्या वाजवत होतात ना?"

ह्यांनी मान हलवली. नाही.

"मग? राग यायचा?"

अशी जोरात मान डोलवली की टोपी पडली.

"माझा का पाखरांचा?"

यावर आधी पेरूकडं बोट केलं, मग माझ्याकडं. आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसलो. ह्यांचं हसू एका बाजूनं वाकडं पडत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. आत तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता, वास सगळीकडं सुटला, पण उठतंय कोण!

बोलणं शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्याही खुलल्या. म्हणाल्या, "अंगवळणी पडलेलं बोलणं असतं ना, शिवी, आरोळी, देवाचं नाव, ते कधी कधी असं आपोआप येतं. पण म्हणून बाकीचं बोलणं येईलच, असं मी सांगणार नाही." मी म्हटलं, "बाई, तुम्ही नका सांगू. आम्ही बघतो."

त्या दिवसापासून आमच्या परसाचं शेत झालं. मी रोज सकाळी मुद्दाम ह्यांच्या नाकासमोर दाणे टाकायची आणि वरून डिवचायची, "घ्या गं चिमण्यांनो, खा! मालक बसलेत नुसते बघत!" पाखरं उतरायची, हे दम खाऊन बघायचे आणि मग आरोळी. रोज थोडी स्वच्छ, थोडी लांब. एक दिवस एक साळुंकी आरोळीला भीक घालेना, तशीच टिपत राहिली. ह्यांनी तिच्याकडं रागानं बघितलं आणि तोंडातून आलं, "मायला!" इतक्या महिन्यांनी आलेला पहिला धड शब्द, तो हा! मी लेकीला फोन लावून ऐकवला. ती म्हणाली, "आई, आबांनी शिवी दिली!" आणि असं रडली की जणू आशीर्वादच मिळाला. पुढं "गेली" आलं. "उड" आलं. पण सगळं पाखरांसाठी. माझ्याकडं वळले की पुन्हा 'अं… अं…'. मी समोर उभी राहून म्हणायची, "पाखरांशी बोलता, माझ्याशी का नाही? म्हणा, आगं." ओठ थरथरायचे आणि राहायचं. आता मला साळुंकीचा हेवा वाटायला लागला, काय सांगू!

आणि मग पाखरं यायची बंद झाली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. होले कमी झाले, मग सातभाई दिसेनात. शेवटी चिमण्याही कुंपणावर येऊन बघायच्या आणि परत जायच्या. रोजच्या आरोळीनं बिथरल्या असतील. दीर म्हणाले, "वैनी, रानात समदीकडं दाना भरलाय. तिकडं फुकट मिळतंय, हितं शिव्या खायला कशाला येतील?" दिरांना चेष्टा सुचत होती, मला काळजी. पाखरं नाहीत तर आरोळी नाही. हे खुर्चीत बसायचे, परसभर नजर फिरवायचे, आणि परत 'अं'सुद्धा नाही. पाच-सहा दिवस असे गेले. जे चार शब्द आले होते तेही आता जातात की काय, म्हणून माझा जीव टांगणीला. मी परळ घासूनपुसून ताजं पाणी भरलं. भाकरीचा चुरा केला. तांदळाची कणी टाकली. पेरूखाली उभी राहून, कुणी बघत नाही असं बघून, हात जोडून म्हटलं, "या गं बायांनो, या. भांडा हवं तर, पण या." साळुंक्यांना हात जोडायची वेळ आली माझ्यावर.

ह्यांना मी काही बोलले नाही. पण ते बघत होते. एका सकाळी मी सूप घेऊन दाणे टाकायला निघाले तर काठी आडवी घालून मला अडवलं. सुपाकडं बोट केलं. मला वाटलं, रागावले, दाणे वाया घालवते म्हणून. म्हटलं, "बरं बाई, नाही टाकत." तर परत काठी. सूप मांडीवर ठेव, असं खुणावलं. मी ठेवलं. ह्यांनी डावा हात दाण्यांत घातला, मूठ भरली, आणि फेकली. सवय नसलेला हात, निम्मे दाणे स्वतःच्याच घोंगडीवर पडले. दुसरी मूठ. तिसरी. आणि मग सूप तसंच मांडीवर धरून गप्प बसले, पेरूकडं बघत. एवढे गप्प की मी धुणं आपटायला घेतलं होतं ते तसंच ठेवून आत आले. चुलीपाशी बसून मी पदर तोंडाला लावला. ज्या हातानं पाखराला कधी एक दाणा सोडला नाही, त्याचा जोडीदार हात आज त्यांना बोलावत होता, आणि मला ते सोसत नव्हतं.

कुणी आलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही नाही. हे मात्र रोज सूप मागून घ्यायचे, दाणे फेकायचे, गप्प बसायचे. चौथ्या का पाचव्या दिवशी माघातलं कोवळं ऊन होतं. मी पुढच्या दारी नळाला आलेलं पाणी भरत होते, आमच्याकडं पाणी येतं तेव्हा दुसरं काही सुचत नाही. भरलेली बादली घेऊन घराला वळसा घालून परसात आले. हे माझ्याकडं पाठ करून बसलेले. त्यांच्या पुढ्यात, अगदी पायाच्या अंगठ्यापासून वीतभरावर, एक होला उतरला होता. एकटाच. मान पुढं-मागं करत एकेक दाणा टिपत होता. ह्यांचा डावा हात गुडघ्यावर, जरासुद्धा न हलता.

मी आनंदानं पुढं झाले आणि बादलीची कडी खणकन वाजली. होल्यानं मान वर केली, पंख अर्धे उघडले. मला वाटलं, गेला.

ह्यांनी मागं वळून बघितलं नाही. नुसता डावा हात माझ्या दिशेनं मागं केला, पंजा खाली, लहान पोराला थोपटावं तसा. आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"आगं… हळू."

होल्यानं पंख मिटले. परत दाणे टिपायला लागला.

मी तिथंच खिळले. मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, लेकीला हाका माराव्यात, दिरांना, शेजारणीला, सगळ्या शिवाराला ओरडून सांगावं असं वाटत होतं. पण मला तर हळू म्हटलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मी पुसलं नाही, बांगड्या वाजतील म्हणून. बादली आवाज न करता खाली टेकवली आणि होल्याचं पोट भरेपर्यंत तशीच उभी राहिले.